लुगडे जपायचे की नेसणे?

ठाणे जिल्ह्याचे १८८२ साली निघालेले गॅझेटिअर चाळताना सोनकोळ्यांच्या बायकांविषयी एक छोटी नोंद भेटते. या बायका काचेच्या बांगड्या डाव्याच हातात घालतात. उजव्या हातातल्या बांगड्या लग्नात समुद्राला वाहिलेल्या असतात, दर्याने नवऱ्याला सांभाळावे म्हणून. त्या हातात मग काचेच्या जागी चांदी येते. साहेबी थाटात, पुढच्या विषयाची घाई असावी तशी लिहिलेली ही नोंद आहे. पण पोशाखाचा संग्रह करू पाहणाऱ्याला ती पेचात टाकते. चांदीचा दागिना मिळवता येईल, काचपेटीत मांडता येईल, खाली चिठ्ठीही लावता येईल. पण त्या पोशाखाचा अर्थ ज्या बांगड्या हातात नाहीत त्यांच्यात आहे. काचपेटीत त्या कशा मांडणार?

नवी मुंबईच्या गावठाणांतून आगरी-कोळी बायकांची लुगडी, चोळ्या आणि फडक्या जमवायला मी लागले त्याला आता पंधरा-सोळा वर्षे झाली. मी विद्यापीठातली नाही, कुठल्या संग्रहालयातलीही नाही. वाचून, विचारून आणि बायकांच्या ओट्यांवर बसून जे कळले तेवढीच माझी पुंजी. या सगळ्या काळात एक प्रश्न माझ्यामागे लागलेला आहे आणि हा लेख त्याच्याचविषयी आहे. आपण नक्की काय जमवतो आहोत, नऊ वार कापड की त्या कापडाचे नेसणे?

प्रश्न पुस्तकी वाटेल, म्हणून आधी इथल्या जमिनीपासून सुरुवात करते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा आराखडा पडला. आज जिथे वाशी, नेरूळ, बेलापूरचे सेक्टर आहेत तिथे भातखाचरे, खाजणे आणि मिठागरे होती. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, अशी या समाजाच्या नावाची उपपत्ती सांगतात. खाडीकाठाला कोळीवाडे. या सगळ्या बायकांचे काम ओल्यात. लावणीला गुडघाभर चिखल, मिठागरात खारे पाणी, धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांचे पाणी. त्यामुळे लुगडे गुडघ्यापाशी संपणारे, मागे कासोटा घट्ट खोचलेला, पायांना मोकळीक देणारे. कोळणीच्या नेसण्यात तर लुगडे बहुतेक कमरेखालीच गुंडाळून संपते. वर चोळी, आणि खांद्यावरून किंवा डोक्यावरून घ्यायला वेगळी फडकी. घाटावरच्या बाईचा पदर जे काम करतो ते इथे हे सुटे वस्त्र करते. डोक्यावर टोपली असताना घसरणारा पदर सावरायला तिसरा हात कुणाला असतो? पैशांसाठी कनवट. मासळी विकून आलेले पैसे लुगड्याच्या कमरेच्या घडीत जात आणि तिथून घरी येत. पुरुषांचा चौकड्यांचा सुरका, त्रिकोणी घडी घालून कमरेला बांधलेला, आणि टोकदार लाल टोपी हीदेखील होडीवर वावरणाऱ्या अंगाचीच मापे. बसून नोकरी करणाऱ्या माणसाला सुरक्याची गरज पडत नाही.

मग जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले, आणि दि. बा. पाटील हे नाव इथल्या घराघरात कायमचे कोरले गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम त्या संघर्षातून निघाला. हा इतिहास लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत, मी फक्त त्याचे लुगड्यावर काय झाले ते सांगते. चिखल गेला. मिठागर बुजले. ज्या कामासाठी लुगडे गुडघ्यापर्यंत होते ते कामच उरले नाही. मुली शाळेत गेल्या, मग कॉलेजात, मग ऑफिसांत. गोल पातळ आले, पंजाबी ड्रेस आला, घरात वावरायला मॅक्सी आली. कुणी कुणावर काही लादले नाही. पोशाखाला धरून ठेवणारा दिनक्रम सुटला, इतकेच.

आज हा पोशाख तीन ठिकाणी दिसतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या काही बायकांच्या अंगावर, रोजचा म्हणून. आगरी-कोळी महोत्सवांच्या मंचावर, नाचाचा म्हणून. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात, भाड्याने आणलेला, हातात पुठ्ठ्याचे वल्हे देऊन. यातल्या पहिल्या जागी तो पोशाख आहे. दुसऱ्या जागी ती ओळख आहे, आणि तिला मी नावे ठेवणार नाही, कारण ज्यांची गावे शहराने वेढून टाकली त्यांना मंचावर उभे राहून आम्ही इथलेच असे सांगावेसे वाटले तर त्यात गैर काय? तिसऱ्याविषयी काही न बोललेलेच बरे.

आता संग्रहाकडे येते. या कामात उतरल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की जुनी लुगडी सापडतच नाहीत. फार पूर्वीची राहू द्या, पन्नास वर्षांपूर्वीची रोजची लुगडीसुद्धा नाहीत. याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. लुगडे शेवटच्या धाग्यापर्यंत वापरण्याची एक काटेकोर रीत आपल्याकडे होती. मध्यभागी विरले की तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन चांगली टोके जोडायची. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे घरात नेसायला. ते विरले की थरावर थर घालून गोधडी, वाकळ. मऊ झालेला तुकडा बाळोत्याला. बाळोते संपले की फडके, फडक्याचे पोतेरे, आणि सुती चिंधी चांगली असली तर काकड्याची वात. एका लुगड्यात बाईचे, मुलाचे, चुलीचे आणि देवाचे असे चार संसार निघत. एवढे झाल्यावर संग्राहकासाठी काय उरणार?

यातून जे सुटे ते बोहारीण नेई. दुपारच्या वेळी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणाऱ्या या बायकांनी महाराष्ट्राच्या शहरांतल्या कपाटांचा जेवढा माल हलवला असेल तेवढा कुठल्याही संग्रहालयाने हलवला नसेल. दोन साड्यांवर स्टीलचा डबा, तीन जरीच्या साड्यांवर पातेले. ल्युसी नॉरिस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या अशा व्यवहाराचा माग काढून २०१० साली एक आख्खे पुस्तक लिहिले आहे; आपल्याकडच्या बोहारणींवर असे काम व्हायला हवे. रेशमी शालू, पैठण्या यांची गत निराळी. त्या जरीच्या भावाने गेल्या. खरी जर म्हणजे चांदीची तार. जरवाला साडी वजन करून घेई, जाळी आणि चांदी काढून घेई. घरातल्या कुणाच्या तरी शिक्षणाला, कुणाच्या तरी औषधाला आजीचा शालू असा कामी आलेला असतो. ते ऐकून मला हळहळ वाटते खरी, पण ज्यांनी तो विकला त्यांना ती वाटायलाच हवी होती असे मी म्हणणार नाही.

याचा परिणाम असा की संग्रहांचा तोल मुळातच बिघडलेला असतो. जे सर्वांत कमी वापरले ते सर्वांत जास्त टिकते. लग्नाचे लुगडे तीनदा नेसले जाते म्हणून पेटीत राहते. लावणीचे लुगडे चारशे वेळा नेसले जाते म्हणून नाहीसे होते. संग्रहालयातल्या काचपेट्या बघून कुणी असा समज करून घेतला की पूर्वीच्या बायका जरतारी पदर मिरवत हिंडत, तर चूक त्या बघणाऱ्याची नाही. माझ्याकडच्या वीस-बावीस नगांत कामाचे म्हणता येईल असे एकच लुगडे आहे, तेही एका घरी गोधडीच्या आत दुसऱ्या थराला सापडले. गोधडी उसवायला त्या घरच्या मालकिणीने परवानगी दिली म्हणून.

इथे एक गैरसमज काढून टाकते. लोकवस्त्र म्हटले की आपल्याला गावातला माग, घरचा विणकर, नैसर्गिक रंग असे चित्र दिसते. आगरी-कोळी लुगड्याबाबत ते चित्र लागू पडत नाही. ही लुगडी बाजारची. घाटावर इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण जसे दूरच्या मागावरून येत, तसेच इथलेही कापड बाहेरून येई, आणि विसाव्या शतकात त्यातले पुष्कळसे गिरणीचे किंवा यंत्रमागाचे होते. कोळणींच्या आवडीची मोठ्या फुलांची, झगझगीत रंगांची छापील लुगडी तर उघडउघड गिरणीची देणगी. मग त्यांत आगरी काय, कोळी काय? कापडात काही नाही. सगळे आगरीपण आणि कोळीपण नेसण्यात आहे. तेच नऊ वार एखाद्या पुण्याच्या बाईने घेतले तर त्याच्या निऱ्या, ओचा आणि पदर वेगळ्या जागी पडतील आणि वस्त्र वेगळे होईल. दुकानदाराला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही.

हे ज्याने फार लवकर ओळखले त्या माणसाचा हेतू मात्र आपल्या भल्याचा नव्हता. जॉन फोर्ब्स वॉटसन हा लंडनच्या इंडिया म्युझियमचा अधिकारी. १८६६ साली त्याने भारतीय कापडांच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार करवले. सातशे नमुने, असे वीस संच. तेरा ब्रिटनमधल्या व्यापारी शहरांना, सात हिंदुस्थानात. संग्रहातल्या साड्या, धोतरे, पागोटी कापून त्यांचे तुकडे पानांवर चिकटवले. हेतू सरळ होता, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना इथे खपेल असा माल कळावा. पण सोबतच्या पुस्तकात वॉटसन सांगतो ते असे की इथले कापड अंगावर कसे गुंडाळले जाते, कुठला भाग दिसतो आणि कुठला झाकला जातो, लांबी-रुंदी किती लागते, हे कळल्याशिवाय विलायती माल चालणार नाही. विकण्यासाठी का होईना, त्याने नेसण्याकडे पाहिले. आपल्या घरची साडी संग्रहालयाला भेट देताना आपल्यापैकी किती जण ती कशी नेसत हे लिहून देतात?

शिवलेल्या कपड्यांच्या देशांत ही अडचण इतकी तीव्र नाही, हे मला युक्रेनविषयी वाचताना ध्यानात आले. तिथे भरतकाम केलेला सदरा असतो, विशिवांका. बाह्यांवरचे, गळ्यावरचे टाके आणि रंग बघून तो कुठल्या भागातला हे जाणकार सांगू शकतात. इव्हान होन्चार नावाचे एक शिल्पकार होते (१९११–१९९३). सोव्हिएत राजवटीला जेव्हा असल्या गोष्टींत राष्ट्रवादाचा वास येत असे, तेव्हा त्यांनी गावोगाव फिरून सदरे, रुमाल, चित्रे जमवली आणि कीव्हमधल्या आपल्या राहत्या घराचेच संग्रहालय केले. आज त्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था त्या शहरात आहे. २००६ साली चेर्निव्हत्सी इथल्या विद्यार्थ्यांनी असा सदरा घालून विद्यापीठात जाण्याचा एक दिवस ठरवला. आता मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी जगभरचे युक्रेनियन तो पाळतात. रशियाशी युद्ध सुरू झाल्यापासून त्या सदऱ्याला आलेले वजन वेगळे सांगायला नको. होन्चार यांच्याविषयी वाचताना पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण येणे अटळ आहे. कवी अज्ञातवासी म्हणून लिहिणारे हे गृहस्थ. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी अडकित्ते, दिवे, दारे, वस्त्रे असे वीस हजारांहून जास्त नग जमवले, तेही सुरुवातीला राहत्या घरात.

पण होन्चार यांनी मिळवलेला सदरा खुंटीला टांगला तरी सदराच राहतो. त्याला बाह्या आहेत, गळा आहे, तो कुणाच्या तरी अंगाचा आकार धरून आहे. माझ्याकडचे लुगडे सोडले की सव्वाआठ मीटर कापड होते. कमरेला गाठ कुठे पडायची, कासोटा कुठल्या बाजूने जायचा, किती कापड कमरेभोवती जिरवायचे आणि किती मोकळे ठेवायचे, यातले काहीही त्या कापडावर लिहिलेले नसते. सुईने शिवलेले उरते, गाठीने बांधलेले सुटते. गंमत अशी की भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेगवेगळ्या जातीजमातींच्या मातीच्या बाहुल्या आहेत, नेसूचे वस्त्र आणि शिरोभूषण यांसकट घडवलेल्या. मागच्या पिढीतले अभ्यासक त्यांच्याकडे वसाहतवादी खेळणी म्हणून बघत, आणि त्यात तथ्य आहेच. तरी नेसणे दाखवण्याच्या बाबतीत त्या बाहुल्या अस्सल कापडाच्या घडीपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

नेसण्याची नोंद करण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. गो. स. घुर्ये यांचे भारतीय वेशभूषेवरचे इंग्रजी पुस्तक १९५१ चे. त्यात शिल्पे, चित्रे आणि प्रांतोप्रांतीच्या चालीरीती आहेत. शांताल बूलांजे या फ्रेंच अभ्यासक बाईंनी गावोगाव हिंडून स्वतः साड्या नेसून पाहिल्या आणि पायरीपायरीची रेखाचित्रे असलेले पुस्तक १९९७ साली काढले. ऋता कपूर चिश्ती यांनी साड्या नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या. २०१७ साली ‘द सारी सीरीज’ या नावाने ऐंशीहून अधिक छोट्या चित्रफिती कुणालाही बघता येतील अशा खुल्या झाल्या. ही कामे मोलाची आहेत. माझी एक तक्रार आहे. या नोंदींत प्रांत असतो, समाजाचे नाव असते, पण बाई नसते. एका गावातल्या दोन सख्ख्या जावा लुगडे सारखे नेसत नाहीत. एक डावखुरी असते, एकीचे पोट सुटलेले असते, एक माहेरची सवय सोडत नाही. कोळी पद्धत म्हणून जी एकच रीत पुस्तकात छापली जाते ती कुणाची तरी एकीची असते.

भाषेने मात्र हे सगळे न ठरवता जपून ठेवले आहे. पदरमोड, पदरी पडणे, ओटीत घालणे, कनवटीला लावणे, पदर खोचून कामाला लागणे, आठवणीसाठी पदराला गाठ मारणे. ज्या मुलीने आयुष्यात कनवट पाहिलेली नाही तीही हे शब्द वापरते. सकच्छ आणि विकच्छ, म्हणजे कासोट्यासह आणि कासोट्याविना, या दोन शब्दांवरून तर आपल्याकडे एके काळी घरोघर वाद झाले. सासूने सकच्छ नेसायचे आणि सुनेने गोल पातळ मागायचे, या भांडणात एक आख्खी पिढी गेली.

भांडणाचा उल्लेख आला म्हणून आता अवघड भागाकडे वळते. पोशाख जपावा असे संग्राहकाला वाटते. तो टाकून द्यावा असे नेसणाऱ्याला वाटण्याची सबळ कारणे असू शकतात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजातल्या स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात लुगडे गुडघ्यापर्यंत नेसण्याची रीत सोडा, पायघोळ नेसा, गळ्यातल्या गळसऱ्यांचा आणि कोपरापर्यंतच्या चांदी-कथलाच्या दागिन्यांचा भार उतरवा, असे सांगितले होते. ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखचिन्हे आहेत, हा त्यामागचा मुद्दा. बायकांनी ते ऐकले आणि लगेच अमलातही आणले. नेसण्याची पद्धत बदलणे हे त्या दिवशी एक राजकीय कृत्य होते. मी संग्राहक म्हणून त्या टाकून दिलेल्या गळसऱ्यांसाठी हळहळायचे का? गळसरी मिळाली तर मी ती ठेवीन. पण तिच्या चिठ्ठीवर ती का उतरवली हे लिहिले नाही, तर ती चिठ्ठी खोटी ठरेल.

गोव्यात याची उलटी बाजू दिसते. तिथे इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना पुडवे नेसायला आणि बायकांना चोळी घालायला मनाई केली होती. जुन्या धर्माची खूण अंगावर राहू नये म्हणून. एका ठिकाणी वस्त्र हिसकावून घेतले, दुसऱ्या ठिकाणी ते आपणहून झुगारले. दोन्हीकडे कापड तेच होते असे म्हणता येईल, पण अर्थ दोन टोकांना.

गोव्याचे नाव निघाले की वेंडेल रॉड्रिक्स यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. फॅशनच्या जगात नाव झालेल्या या माणसाने गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास लिहिला. ‘मोडा गोवा’ हे पुस्तक २०१२ साली आले. विस्मृतीत चाललेले कुणबी लुगडे, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे, त्यांनी पुन्हा मागावर आणले आणि कोलवाळच्या आपल्या जुन्या घराचे पोशाख-संग्रहालय करायला घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या कामाविषयी मला आदर आहे. पण एक निरीक्षण नोंदवते. कुणबी बाई ते लुगडे आखूड नेसे आणि खांद्यावर गाठ मारी, तिला देठली म्हणतात. चोळी नसल्याने सगळे वस्त्र त्या गाठीवर तोललेले. आज पणजीच्या किंवा मुंबईच्या समारंभात कुणबी साडी नेसलेल्या बायका दिसतात तेव्हा ती ब्लाउजवर, गोल, निऱ्या घातलेली असते. चौकडी परत आली, देठली आली नाही. विणकराच्या हाताला काम मिळाले हे चांगलेच झाले. पण कुणब्यांचा पोशाख वाचला असे त्यावरून म्हणता येत नाही.

आपल्याकडे हेच शिवलेल्या नऊवारीच्या रूपाने घडले. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि ती प्रथा गावोगाव पसरली. मोटारसायकलवर फेटा बांधून बसायला नऊवारी हवी. नेसता येत नाही. मग शिंप्याने काष्टा शिवून, नाडी घालून दिली. पायजम्यासारखी चढवायची. यावर नाक मुरडणाऱ्या मंडळींना मी एवढेच विचारते की तुमच्या घरात नेसवून देणारी बाई उरली आहे का? उरली नसेल तर शिंप्याला दोष देण्यात अर्थ नाही. नेसण्याचे ज्ञान बाईच्या हातातून निघून शिंप्याच्या यंत्रात गेले आहे. ते परत हातात आणायचे असेल तर ज्यांच्या हातात अजून आहे त्यांच्याकडे जायला हवे, आणि त्यांना वेळ फार नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळे गावातल्या एका आजींकडे त्यांचे लग्नातले लुगडे मागायला गेले होते. त्यांनी साफ नकार दिला. ते त्यांच्याबरोबर जाणार आहे, असे म्हणाल्या. मी उठू लागले तशा म्हणाल्या, लुगडे नाही देणार, पण नेसून दाखवते, बस. आत गेल्या, दार लोटले. नेसणे ही खाजगी गोष्ट असते हे पुरुष संशोधकांना फारसे कळलेले नाही. बाहेर आलेल्या बाईचा फोटो घेतला की नोंद झाली असे त्यांना वाटते. आजींनी मला आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीला आत बोलावले. मी घड्याळ लावले. चार मिनिटांत त्यांनी नेसणे पूर्ण केले, बोलत बोलत, खाली न बघता. नातीने मोबाइलवर टिपले. मग तिने विचारले, गाठ डाव्या हाताने का मारलीस? आजींना उत्तर देता येईना. पुन्हा सोडून, सावकाश नेसायला लागल्या तर त्यांना जमेचना. मधेच थांबल्या, हसल्या, म्हणाल्या, हाताला ठाऊक आहे, मला नाही. शेवटी ठरले की नातीने नेसायचे आणि आजींनी फक्त चुकले तिथे हात धरायचा. त्या दुपारी आम्ही जे नोंदवले ते त्या अडवणुकींतून. कमरेचा पहिला वेढा किती घट्ट, श्वास घेऊन की सोडून. कासोट्याला किती वीत कापड राखायचे. वाकल्यावर काय निसटते आणि ते निसटू नये म्हणून कुठे दुमड घालायची. लग्नाचे लुगडे मला मिळाले नाही ते बरेच झाले असे आता वाटते.

तेव्हापासून माझी नोंदवही बदलली. पूर्वी मी लांबी, पन्हा, काठ, रंग, किंमत लिहीत असे. आता वेगळे रकाने आहेत. लुगडे कुणी घेऊन दिले, कुठल्या दुकानातून, कुठल्या निमित्ताने. पहिल्यांदा नेसायला कुणी शिकवले, आई, सासू की शेजारीण. कामाला जाताना आणि लग्नाला जाताना नेसण्यात काय फरक. किती वयात सोडले, किंवा का सोडले नाही. सोडताना घरात कुणी काही म्हटले का. या शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त मजकूर भरतो.

नवी मुंबईत आगरी-कोळी संस्कृतीचे संग्रहालय हवे, असे बोलले जाते. व्हायला हवे याविषयी दुमत नाही. विमानतळासाठी उलवे, तरघर, चिंचपाडा अशी गावे उठली. त्या घरांतल्या पेट्या स्थलांतरात कुठे गेल्या कुणास ठाऊक. पण संग्रहालय झाले तर त्यात लुगड्यांचे दोन संच ठेवावेत असे मी सुचवीन. एक जपण्याचा. तो मांजरपाटात गुंडाळून, नळीवर, घडी न घालता ठेवायचा, म्हणजे घडीवर विरणार नाही. इथल्या दमट हवेत बुरशीची भीती असते म्हणून पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यायचा. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी. दुसरा संच वापरण्याचा. आरसा, मोकळी जागा, नऊ वार साधे सुती कापड, आणि आठवड्यातून एकदा गावातली कुणी म्हातारी बाई, तिला त्याचे मानधन देऊन. दुसऱ्या संचातली लुगडी फाटतील. फाटली की त्यांना दंड घालायला शिकवावे, आणि पुढे गोधडी.

संग्रहालय होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात पेटीच्या तळाशी आजीचे लुगडे आहे त्यांनी एक साधी चिठ्ठी त्याच्या घडीत ठेवावी. तिचे नाव, गाव, साधारण साल. ती हयात असेल तर या दिवाळीत तिला ते नेसायला लावावे, आणि नेसवून घेणारी कुणी तरुण असावी. चित्रफीत घ्यायची झाली तर ती समोरून न घेता मागून आणि उजवीकडून घ्यावी. गाठ आणि कासोटा तिथून दिसतो.